बाजारगावच्या म्युझियममध्ये पहिलं वर्ष: थेटफर्डच्या निमित्ताने

इंग्लंडमधलं बाजारगाव म्हणजे मध्ययुगापासून आठवडी बाजार भरवण्याचा हक्क असलेलं छोटं गाव. मधोमध बाजारचौक, एक जुनं चर्च, दोन-तीन जुने पब आणि बहुतेक वेळा एखाद्या जुन्या घरात थाटलेलं म्युझियम. नोकरीसाठी अशा गावात येऊन राहिलेल्या मराठी माणसाला गावाशी ओळख करून घ्यायची असेल, तर त्या म्युझियममध्ये आठवड्यातून एक सकाळ स्वयंसेवक म्हणून काम करण्याइतका चांगला रस्ता दुसरा नाही. त्या कामाची ही माहिती. उदाहरणं शक्यतो नॉरफोक कौंटीतल्या (म्हणजे जिल्ह्यातल्या) थेटफर्डची घेतली आहेत, कारण भारतीय वाचकाला त्या गावात शिरायला एक दार आयतंच मिळतं.

ते दार व्हाइट हार्ट स्ट्रीटवर आहे. एन्शंट हाउस हे १४९० च्या सुमाराचं, ओक लाकडाच्या सांगाड्याचं व्यापाऱ्याचं घर. हे घर १९२१ मध्ये गावाला देणारे गृहस्थ म्हणजे प्रिन्स फ्रेडरिक दुलीपसिंग, पंजाबच्या शेवटच्या महाराजांचे चिरंजीव. महाराजा दुलीपसिंगांनी १८६३ मध्ये थेटफर्डजवळची एल्व्हडन इस्टेट विकत घेतली. १८९३ मध्ये पॅरिसला त्यांचं निधन झालं आणि दफन एल्व्हडनच्या चर्चच्या आवारात झालं. फ्रेडरिक मात्र नॉरफोकचेच होऊन गेले. जुनी घरं, जुनी चर्च, घराघरांतली व्यक्तिचित्रं यांच्या नोंदी करण्यात त्यांनी आयुष्य घालवलं. १९२४ मध्ये त्या घरात म्युझियम उघडलं आणि ते आजही चालू आहे.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. म्युझियम वस्तू सांभाळतं ते त्या वस्तूची हकिकत टिकावी म्हणून. हकिकत हरवली की उरते ती नुसती अडगळ. थेटफर्डजवळच्याच गॅलोज हिलवर नोव्हेंबर १९७९ मध्ये मेटल डिटेक्टरने रोमनकाळाच्या अखेरचा खजिना सापडला: सोन्याच्या २२ अंगठ्या, चांदीचे ३३ चमचे आणि आणखी बरंच काही. शोधणाऱ्याकडे जागेची परवानगी नव्हती, म्हणून त्याने वेळेवर कळवलं नाही. पुरातत्त्ववाल्यांना पत्ता लागेपर्यंत जागेवर बांधकाम होऊन गेलं होतं. सोनं आज ब्रिटिश म्युझियममध्ये सुखरूप आहे. पण ते कशात पुरलं होतं, शेजारी काय होतं, तिथे देऊळ होतं की घर, हे जमिनीलाच विचारता आलं असतं आणि ती संधी कायमची गेली. कोपऱ्यातल्या टेबलावर बसून तुम्ही जे फॉर्म भराल, ते असं पुन्हा होऊ नये म्हणून.

आत शिरताना

आधी म्युझियम कोण चालवतं ते बघा. काही कौंटी कौन्सिलच्या सेवेखाली असतात. तिथे पगारी क्युरेटर (संग्रहाची जबाबदारी असलेला तज्ज्ञ) असतो आणि प्रशिक्षण मिळतं. काही निव्वळ ट्रस्टच्या जोरावर, निवृत्त मंडळींनी चालवलेली असतात. तिथे माणसांची चणचण कायमची. ईमेल केलात तर उत्तराला वेळ लागेल. त्यापेक्षा उघडं असेल त्या दिवशी जाऊन तिकीट काढा, सगळं बघा आणि काउंटरवर विचारा. 'काय काम आहे' असं विचारण्यापेक्षा 'मला गुरुवारी सकाळी दहा ते एक जमेल' असं सांगितलंत तर लगेच काम मिळतं. मुलांच्या कार्यक्रमांत असाल तर डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी, करून घ्यावी लागेल. त्यासाठी मागच्या पाच वर्षांतले पत्ते काढून ठेवा. बरीच छोटी म्युझियम हिवाळ्यात बंद असतात आणि गोदामातलं खरं काम तेव्हाच चालतं. शिकायचं असेल तर नोव्हेंबरमध्ये जा.

कुणी वस्तू घेऊन आलं तर

दर आठवड्याला कुणीतरी पिशवी घेऊन येतं. माळा साफ करताना सापडलेलं रेशन बुक, आजोबांचं पदक, लोखंडी इस्त्री. इथे पहिली चूक होते: माणूस भला, वस्तू छान, म्हणून आपण ती ठेवून घेतो आणि नाव एका चिठ्ठीवर लिहितो. वर्षभरात चिठ्ठी गहाळ. मग ती वस्तू भेट होती, उसनी होती की नुसती ओळख पटवायला दिली होती, हे कुणालाच सांगता येत नाही. ती प्रदर्शनात मांडता येत नाही, परत देता येत नाही, टाकूनही देता येत नाही. प्रत्येक म्युझियमच्या गोदामात अशा बेवारस वस्तूंचा एक कपाट भरून साठा असतो.

म्हणून क्रम असा:

१. वस्तू टेबलावर येताच आवक फॉर्म काढा. आणणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन, तारीख, वस्तूंची संख्या, दोन ओळींत वर्णन, आधीपासूनची मोडतोड, आणि कशासाठी आणली: भेट, उसनी की फक्त माहितीसाठी. भेट नाकारली तर परत नेणार की आम्ही विल्हेवाट लावायची, तेही आत्ताच विचारून लिहा. दोघांच्या सह्या. एक प्रत त्यांना, एक वस्तूसोबत, एक फायलीत.

२. माणूस समोर आहे तोवर विचारा. 'आज्जीची आहे' एवढ्यावर सोडू नका. कोणत्या आज्जीची, तिचं नाव काय, ती कुठल्या गल्लीत राहायची, ही वस्तू रोज वापरायची की सणासुदीला, कुणी दिली, कुठल्या दुकानातून आणली? बरेल कंपनीच्या कारखान्यातला जुना पाना आणि त्याच आकाराचा दुसरा कुठलाही पाना यांत डोळ्यांना फरक दिसत नाही. थेटफर्डला चार्ल्स बरेल यांचा वाफेच्या ट्रॅक्शन इंजिनांचा (रस्त्यावरून आणि शेतात ओझं ओढणाऱ्या इंजिनांचा) मोठा कारखाना होता, तो १९२८ मध्ये बंद पडला. 'माझे पणजोबा तिथे फिटर होते, हा त्यांचा' या एका वाक्याने पाना म्युझियमचा होतो.

३. 'घेऊ' असं काउंटरवर कधीही म्हणू नका. संग्रह धोरण, म्हणजे काय घ्यायचं आणि काय नाही याचे लेखी नियम, बघून समिती किंवा क्युरेटर ठरवतो. शिवणयंत्रं, इस्त्र्या आणि जाडजूड कौटुंबिक बायबल बहुतेक म्युझियमकडे गरजेपेक्षा जास्त असतात. 'कायम प्रदर्शनात ठेवलीच पाहिजे' अशी अट घालून दिलेली भेट नम्रपणे परत करा. अशी अट पाळता येत नाही आणि मोडली की भांडणं होतात.

४. घ्यायचं ठरलं की मालकी हस्तांतराच्या कागदावर सही घ्या. आणणारा एकटा वारस आहे का, हेही विचारा. भावंडांतले वाद म्युझियमच्या दारात येतात.

५. मग दाखल नोंदवही. ही बांधीव वही असते, टिकाऊ कागदाची, आणि न पुसणाऱ्या काळ्या शाईने लिहायची. चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहा, आद्याक्षरं आणि तारीख टाका. व्हाइटनर नको, पान फाडणं तर नकोच. कॉम्प्युटरवर सगळं असलं तरी वही ठेवा, आणि तिची एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी.

ही सगळी पद्धत संग्रहाच्या व्यवस्थेसाठी ब्रिटनभर वापरल्या जाणाऱ्या स्पेक्ट्रम या मानकातून आलेली आहे. म्युझियमला आर्ट्स काउन्सिल इंग्लंड या सार्वजनिक संस्थेची मान्यता हवी असेल तर ती पाळावीच लागते. सरकारी दप्तरातलं आवक-जावक रजिस्टर ज्याने सांभाळलं आहे, त्याला एका दिवसात जमेल.

नंबर टाकणं

२०२५.१४.३ म्हणजे २०२५ सालातल्या चौदाव्या भेटीतली तिसरी वस्तू. कप-बशी असेल तर कपाला ३अ, बशीला ३ब. एकदा दिलेला नंबर वस्तू मोडली किंवा गेली तरी दुसऱ्या कशाला द्यायचा नाही.

हा नंबर वस्तूवर टाकायचा तो कायमचा वाटावा, पण हवा तेव्हा काढता यावा असा. चिनी मातीची बरणी घ्या. उलटी करून मऊ फडक्यावर ठेवा. जिथे ती टेबलाला टेकते ती कड सोडून आतल्या बाजूला जागा निवडा. टेकणाऱ्या कडेवर टाकलेला नंबर महिन्यात घासून जातो. कोरड्या ब्रशने धूळ झटका. अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२ (एक पारदर्शक अ‍ॅक्रिलिक राळ), साधारण २० टक्के, बारीक ब्रशने नंबरापेक्षा जरा मोठ्या पट्टीत लावा. एकच हात फिरवा, मागेपुढे घासू नका. दहा मिनिटांत ते कोरडं होतं. त्यावर पिगमेंट शाईच्या बारीक पेनाने दोन-तीन मिलिमीटर उंचीचे आकडे. गडद वस्तूवर पांढरी शाई. शाई पूर्ण वाळल्यावर वरून दुसरा थर. हा थर पुन्हा अ‍ॅसिटोनचाच दिला तर खालचा थर विरघळून आकडे पसरतात, म्हणून वरच्यासाठी व्हाइट स्पिरिटमध्ये विरघळणारं पॅरालॉइड बी-६७ वापरतात. थर दुधाळ पांढरा दिसला तर हवा दमट आहे; दुसऱ्या दिवशी करा. बुडबुडे आले तर द्रावण घट्ट झालं आहे. खिडकी उघडी हवी आणि जवळपास कुठलीही ज्योत नको.

ही पद्धत प्लास्टिकवर अजिबात वापरू नका, अ‍ॅसिटोन ते खातं. रंगवलेल्या किंवा लाखेच्या पृष्ठभागावरही नको, चामड्यावर नको. तिथे नाडीने बांधलेलं लेबल. कागद आणि फोटो यांना मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, २बी पेन्सिलीने, काचेवर ठेवून, न दाबता. कपड्यांसाठी सुती पट्टीवर नंबर लिहून पट्टीची दोन्ही टोकं शिवणीत दोन-दोन सैल टाक्यांनी अडकवायची, आणि ती दर वेळी एकाच जागी, म्हणजे शोधताना कपडा उलथापालथा करावा लागत नाही. हल्ली भारतीय कुटुंबांकडून साड्याही येऊ लागल्या आहेत, तिथे मराठी माणसाचं ज्ञान खरोखर उपयोगी पडतं: पट्टी आतल्या टोकाला, सुताच्या भागात, जरीतून सुई कधीच घालायची नाही. साडी घडी घालून ठेवली की जरीची तार घडीवरच तुटते, तेव्हा आम्लमुक्त कागद गुंडाळलेल्या नळीवर ती गुंडाळा.

सांभाळणं

पांढरे सुती हातमोजे सिनेमात छान दिसतात. काच आणि चिनी माती त्यांतून निसटते. धातू आणि फोटोंसाठी नायट्राइल मोजे, जुन्या कागदांसाठी धुऊन कोरडे केलेले उघडे हात. उचलण्याआधी वस्तू कुठे ठेवणार ती जागा मोकळी करा. किटली कानाला धरून उचलायची नाही, खुर्ची पाठीला धरून उचलायची नाही.

कपडे, जलरंग, छापील कागद यांच्यावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) जास्त उजेड नको. उजेडाने झालेलं नुकसान भरून येत नाही, म्हणून खोली अंधारी वाटते अशी तक्रार आली तर कारण समजावून सांगा. हवेतली सापेक्ष आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहिली पाहिजे. ६५ च्या वर गेली की बुरशी येते. लाकडी सांगाड्याच्या जुन्या घरात हिवाळ्यात हीटर जोरात लावला की हवा कोरडी पडून लाकूड तडकतं. आपल्याला गार वाटतं, वस्तूंना बरं वाटतं. स्वेटर घालून या.

कसर आणि लोकरीतले किडे हे मोठे शत्रू. भिंतीच्या कडेला चिकट सापळे ठेवा, प्रत्येकावर जागा आणि तारीख लिहा, दर तीन महिन्यांनी मोजून वहीत टाका. एखाद्या कपड्यात अळी दिसली तर तो पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर गार कापडावर पाणी धरतं.

काही वस्तू माणसालाच घातक असतात आणि हे नव्यांना कुणी सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या गॅस मास्कच्या गाळणीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, मुलांच्या तोंडाला तो कधीही लावू देऊ नका. पेंढा भरलेल्या जुन्या प्राण्यांत आर्सेनिक असू शकतं. अंधारात चमकणाऱ्या जुन्या घड्याळांच्या तबकडीवर रेडियम असू शकतं. कुणी काडतुसं किंवा तोफगोळा घेऊन आलं तर हात लावू नका, इमारत रिकामी करा आणि पोलिसांना फोन करा.

आणि कुणी शेतात सापडलेलं सोनं-चांदी दाखवायला आणलं तर त्याला १९९६ च्या ट्रेझर कायद्याची आठवण द्या: खजिना असावा असं वाटल्यापासून १४ दिवसांच्या आत कॉरोनरला (संशयास्पद मृत्यू आणि सापडलेला खजिना यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवणं सक्तीचं आहे. लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करणारा कौंटीतला फाइंड्स लिएझन ऑफिसर ते करायला मदत करतो. घासूनपुसून लख्ख करू नका, माती तशीच राहू द्या.

एका घराचा इतिहास काढणं

स्थानिक इतिहासाची सवय लावायची असेल तर गावातलं एकच घर निवडा, शक्यतो मुख्य रस्त्यावरचं दुकान. पहिला नियम: आजपासून मागे जायचं. १६५० पासून पुढे यायचा प्रयत्न केला तर माणसं सापडतात, पण घर निसटतं.

आधी रस्त्यावर उभे राहून बघा. पुढची भिंत विटांची आणि खिडक्या सरळ रांगेत असल्या तरी छप्पर उंच, तीव्र उताराचं आणि वाकडं असेल, तर जुन्या लाकडी घराला नंतर नवी दर्शनी भिंत चढवलेली असण्याचा संभव मोठा. बाजारगावांत हे फार आढळतं. मागच्या गल्लीतून बघा, मागची बाजू खोटं बोलत नाही.

मग नकाशे. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे एका मैलाला २५ इंच प्रमाणाचे जुने नकाशे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर फुकट आहेत, इंग्लंडचेसुद्धा. पब, चर्च आणि कोपऱ्यावरची घरं यांवर खूण करा. याच तुमच्या खुंट्या. बाकी घरं त्यांच्यामधून मोजायची.

त्याआधीचा दस्तऐवज म्हणजे टाइद नकाशा. चर्चला द्यायचा धान्याचा दशांश रोख रकमेत बदलणारा कायदा १८३६ मध्ये झाला आणि त्यासाठी गावोगाव प्लॉटवार मोजणी झाली. नकाशासोबत एक तक्ता असतो: मालक, वहिवाटदार, प्लॉट नंबर, जमिनीचं वर्णन, लागवड, क्षेत्र, आकारणी. सातबारा वाचलेल्या माणसाला यात काहीही अवघड नाही. क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये असतं. ४० पर्चचा एक रूड, चार रूडचा एकर. आपला एक गुंठा म्हणजे बरोबर चार पर्च, तेव्हा हिशेब डोक्यात होतो. मात्र ज्या ठिकाणी दशांश आधीच मिटवला गेला होता तिथे टाइद नकाशा नसतो किंवा अर्धवट असतो, म्हणून मिळाला नाही तर नाउमेद होऊ नका. नॉरफोकसाठी मूळ कागद नॉरिचच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये बघायला मिळतात.

जनगणना दर दहा वर्षांची, १८४१ पासून नावानिशी. इथले खड्डे लक्षात ठेवा. पानाच्या डाव्या कडेचा आकडा हा शेड्यूल नंबर, म्हणजे कुटुंबाच्या फॉर्मचा क्रमांक असतो, घर नंबर नव्हे. या एका चुकीने कित्येकांनी भलत्याच घराचा इतिहास लिहिला आहे. रस्त्यांचे नंबर मधूनमधून बदलले आहेत. १८४१ मध्ये मोठ्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहिली आहेत, म्हणजे ३५ लिहिलेला माणूस ३९ चाही असू शकतो. १९२१ ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची १९४२ च्या आगीत जळाली आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही, म्हणून त्या काळासाठी सप्टेंबर १९३९ च्या रजिस्टरवर, म्हणजे युद्ध सुरू होताच केलेल्या लोकांच्या नोंदणीवर, भिस्त ठेवा.

दोन जनगणनांच्या मधली वर्षं व्यापारी डिरेक्टऱ्यांतून, म्हणजे 'केली' आणि 'व्हाइट' या प्रकाशकांनी छापलेल्या गावोगावच्या व्यावसायिकांच्या याद्यांतून, भरतात. चर्चची रजिस्टरं १५३८ पर्यंत मागे जातात, पण जुनं इंग्रजी हस्ताक्षर मोडीसारखंच शिकावं लागतं. रोज दहा ओळी वाचल्या तर दोन महिन्यांत डोळा बसतो. आणि १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. फेब्रुवारी १७३६ असं लिहिलेलं बाळ आजच्या हिशेबाने १७३७ चं. थेटफर्डला जन्मलेल्या टॉमस पेन या राजकीय लेखकाच्या जन्मवर्षाला काही ठिकाणी १७३६, काही ठिकाणी १७३७ दिसतं ते यामुळेच.

प्रत्येक टिपणाखाली कागदाचा संदर्भ क्रमांक लगेच लिहा. 'नंतर लिहू' म्हटलं की पुन्हा नॉरिचची खेप होते.

माणसांकडून ऐकणं

बाजारगावात राहणाऱ्या वयस्कर मंडळींच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणं हे आज सगळ्यात घाईचं काम आहे, कारण कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत. आधी एकदा चहाला जा, मशीन न नेता. मुद्रणाच्या दिवशी फ्रिज, घड्याळ आणि टीव्ही यांपासून लांबची खोली निवडा. डब्ल्यूएव्ही फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सुरुवातीला दोघांची नावं, तारीख, जागा बोला. प्रश्न लहान ठेवा: 'सकाळी स्वयंपाकघरात पहिलं कोण उठायचं?' उत्तर संपल्यावर पाच सेकंद गप्प बसा. चांगलं वाक्य बऱ्याचदा त्या पाच सेकंदांनंतर येतं. दीड तासापेक्षा जास्त नको. संमतीपत्रावर सही त्याच दिवशी घ्या, कारण बोललेल्या शब्दांचा कॉपीराइट बोलणाऱ्याचा असतो आणि कागदाशिवाय ते मुद्रण कुणाला ऐकवता येत नाही. एका तासाचं बोलणं कागदावर उतरवायला पाच-सहा तास सहज लागतात, तेव्हा आधी दर पाच मिनिटांचा गोषवारा करा.

भारतातून साठच्या दशकात एनएचएस या ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत आलेले डॉक्टर छोट्या गावांतही पोचले. तुमच्या गावात कुणी मराठी बोलणारे असतील तर मराठीतच मुद्रण करा आणि इंग्रजी गोषवारा जोडा. म्युझियमला आधी सांगा, ते सहसा आनंदाने घेतात, आणि हे काम तुमच्याशिवाय तिथे दुसरं कुणी करू शकत नाही.

शाळेची मुलं आली की

प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात स्थानिक इतिहास आहे, त्यामुळे वर्गच्या वर्ग येतात. हाताळायला द्यायच्या वस्तूंचा संच दाखल संग्रहापासून वेगळा असतो. मिसळू देऊ नका. एका टेबलाला सहा मुलं, चार वस्तू, दहा मिनिटं. वस्तूचं नाव सांगू नका. 'हे कशाचं केलंय? कुठे झिजलंय? तिथेच का झिजलं असेल?' लोण्याच्या लाकडी थापीचा झिजलेला दांडा मुलाच्या हातात दिला की तो आपोआप अंगठा योग्य जागी ठेवतो. मुलं गेल्यावर वस्तू मोजा, वह्यांखालीही बघा, आणि मगच दप्तरं बसमध्ये चढू द्या.

सप्टेंबरमध्ये हेरिटेज ओपन डेज असतात. एरवी बंद असणाऱ्या इमारती त्या दिवसांत फुकट उघडतात आणि दारावर उभं राहायला माणसं कमी पडतात. पहिल्या वर्षी एका दाराची पाळी मागून घ्या. येणाऱ्यांत एखादा तरी 'मी याच घरात जन्मलो' म्हणणारा भेटतो, म्हणून खिशात पेन्सिल आणि दोन कोरे आवक फॉर्म ठेवा.